नासरेथ ते कफर्णहूम : पाच दिवसांची पायवाट

बाबा गेले त्या वर्षी मला प्रार्थना करता येईनाशी झाली. महामारीच्या दुसऱ्या लाटेत त्यांना रुग्णालयात दाखल केले, तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दारापलीकडे घरच्यांपैकी कुणालाही सोडत नव्हते, आणि अकराव्या दिवशी जो निरोप आला तोही फोनवरच आला. त्यानंतर चार महिन्यांनी मी ज्या विभागात नोकरीला होतो तो विभागच बंद करण्यात आला. ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे विश्वास मला आयता मिळाला होता. बाप्तिस्मा, दृढीकरण, रविवारची उपासना, रात्री बाबांनी मोठ्याने केलेले शास्त्रवाचन हे सगळे घराच्या छपरासारखे होते, आणि छप्पर कसे आहे हे पाऊस पडेपर्यंत कुणी पाहत नाही. पाऊस आला तेव्हा लक्षात आले की ते छप्पर बाबांचे होते. मी त्याच्या आडोशाला राहत होतो, इतकेच.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पेशाने परिचारिका. महामारीची दोन्ही वर्षे तिने रुग्णांच्या उशाशी काढली होती, त्यामुळे दुःखावर बोलण्याचा अधिकार तिला माझ्यापेक्षा जास्त होता, पण तिने मला उपदेश कधीच केला नाही. इस्रायलच्या सीमा पर्यटकांसाठी पुन्हा उघडल्या, त्या वसंतात ती एवढेच म्हणाली, “चल, प्रभू जिथून चालला तिथून आपण चालून येऊ. प्रार्थना करायची नसेल तर नको करूस. चाल तरी.”

गालीलमधली ही पायवाट २००७ मध्ये माओझ इनोन आणि डेव्हिड लँडिस या दोघांनी आखली. नासरेथला सुरू होऊन गालील समुद्राच्या काठी कफर्णहूमला संपणारी ही वाट सुमारे ६५ किलोमीटरची आहे. बहुतेक जण ती चार दिवसांत चालतात. आम्ही पाच घेतले. निघण्याआधी मी मत्तयाच्या शुभवर्तमानात या प्रवासाचा उल्लेख शोधला, तेव्हा आश्चर्य वाटले, कारण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला अटक झाल्याचे ऐकून येशू गालीलात परतला आणि नासरेथ सोडून कफर्णहूमात जाऊन राहिला, एवढ्यावरच तिथे हा विषय संपतो. आम्हाला पाच दिवस लागणार होते ते सगळे अंतर त्या एका वाक्यात बसले आहे, आणि त्या वाक्याची सुरुवात एका अटकेच्या बातमीने होते, हे मी इतक्या वर्षांत कधी नीट वाचलेच नव्हते.

पहिला दिवस : नासरेथ ते काना

नासरेथच्या घोषणा महामंदिरात आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. जोव्हान्नी मुझिओ या इटालियन वास्तुविशारदाने रचलेले हे मंदिर १९६९ मध्ये समर्पित झाले, पण त्याच्या खालच्या मजल्यावर जी गुहा आहे तिच्याभोवती त्याहून कितीतरी जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत. देवदूताने मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता दिली ती हीच जागा, अशी परंपरा आहे. गुहेतल्या वेदीवर लॅटिन भाषेत “शब्द येथे देही झाला” अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. योहानाच्या शुभवर्तमानातल्या मूळ वाक्यात “येथे” हा शब्द नाही. तो या जागेने घातला आहे. ताई कठड्यापाशी गुडघे टेकून बराच वेळ बसून राहिली. मी तिच्यामागे उभा राहून त्या एका जादा शब्दाकडे पाहत होतो. देव सर्वत्र आहे हे मला लहानपणापासून शिकवलेले होते आणि ते मी कधी नाकारलेही नव्हते. माझा प्रश्न “येथे” या शब्दापाशी अडला होता, कारण त्या अतिदक्षता विभागात, त्या खाटेपाशी, तो होता का हे मला कळत नव्हते.

मंदिरापासून वाट जुन्या बाजारातून निघते आणि मग पायऱ्यांच्या लांबच लांब चढणीने शहराच्या कड्यावर येते. येशूने सभास्थानात यशया संदेष्ट्याचे वचन वाचले, त्यावरून संतापलेल्या गावकऱ्यांनी त्याला गाव वसलेल्या डोंगराच्या कड्यापर्यंत नेले आणि ते त्याला खाली लोटून देणार होते, असे लूक सांगतो. तो नेमका कडा कोणता याबद्दल परंपरा वेगळी जागा दाखवते, पण चढण संपवून दम खात खाली पाहताना नासरेथ हे प्रेमाने निरोप देणारे गाव नव्हते, एवढे स्पष्ट जाणवले. ज्या ठिकाणी आपण वाढलो तिथे आपल्याला जागा उरलेली नाही हे कळल्यावर येशूही याच दिशेने चालत गेला होता. बंद पडलेल्या विभागातून माझे सामान एका खोक्यात भरून आणलेली ती दुपार मला तिथे आठवली. दोन्ही गोष्टींची बरोबरी होऊ शकत नाही हे मला समजते, तरी आठवली खरी.

सेप्फोरिसचे अवशेष नासरेथपासून जेमतेम सहा किलोमीटरवर आहेत. शुभवर्तमानांत या नगराचे नावही येत नाही. जोसेफस हा पहिल्या शतकातला इतिहासकार मात्र सांगतो की हेरोद राजाच्या मृत्यूनंतर इथे बंड झाले, रोमन सेनापती वारुसच्या फौजेने नगर जाळले आणि तिथल्या लोकांना गुलाम केले. पुढे त्याचा मुलगा हेरोद अंतिपा याने ते नव्याने बांधून आपली राजधानी केली. येशूच्या जन्माच्या आगेमागेच्या वर्षांत हे घडले. म्हणजे ज्या मुलाचे बालपण आपण चित्रांतल्या शांत सुतारशाळेत पाहतो, त्याच्या घरापासून दीड तासाच्या चालीवर एक जळालेले शहर होते आणि त्याच्या लहानपणी ते पुन्हा उभे राहत होते. योसेफ आणि येशू इथे कामाला येत असावेत असा तर्क अनेक अभ्यासक करतात. तो खरा मानला, तर ज्या हातांनी पुढे आंधळ्यांना स्पर्श केला ते हात आधी दुसऱ्यांनी उद्ध्वस्त केलेल्या घरांच्या जागी नवी घरे बांधण्यात गुंतले होते. उंचावरच्या बुरुजावरून हे मी ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “काळ अनिश्चित झाला, असं आपण म्हणतो. त्याच्यासाठी तो निश्चित होता कधी?”

संध्याकाळी काना गावात, म्हणजे आजच्या कफर कन्नात पोहोचलो. येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला ते शुभवर्तमानातले काना हेच का, यावर मतभेद आहेत. उत्तरेला काही किलोमीटरवर खिर्बेत काना नावाचे ओसाड ठिकाण आहे आणि पुष्कळ पुरातत्त्वज्ञांचा कल तिकडे आहे. मला त्या वादापेक्षा कथेतल्या चाकरांनी जास्त गुंतवून ठेवले. योहान सांगतो की तिथे दगडाचे सहा रांजण होते आणि प्रत्येकात दोन किंवा तीन मण पाणी मावे. आजच्या मापात एकेक रांजण साधारण ऐंशी ते एकशेवीस लिटरचा. सगळे काठोकाठ भरायचे तर पाचशे-सातशे लिटर पाणी वाहून आणावे लागले असणार. द्राक्षारस संपला असताना पाणी कशाला भरायचे, हे त्यांना कुणी समजावून सांगितले नव्हते. त्यांना फक्त “तो जे सांगेल ते करा” एवढे मरीयेने सांगितले होते. चमत्कार आपण एका क्षणात घडलेला समजतो, पण त्या चाकरांच्या बाजूने पाहिले तर त्याआधी किती तरी खेपा आहेत आणि त्यांतल्या एकाही खेपेत काही वेगळे घडताना दिसत नाही. आजवर या कथेत मी नेहमी पाहुण्यांच्या जागी बसलो होतो.

दुसरा दिवस : काना ते लावी

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे आणि जे आहे ते लिहायला अवघड आहे. वाट तुरान गावाच्या बाजूच्या शेतांतून आणि झाडीतून जाते, पुढे जुन्या रोमन रस्त्याचे काही दगड लागतात. आदल्या रात्री पाऊस झाल्याने चिखल इतका होता की बूट उचलणे जड जात होते. दगडांवर रंगवलेल्या पांढऱ्या-नारिंगी खुणा दुपारी आम्हाला दिसेनाशा झाल्या आणि तासभर आम्ही भलत्याच दिशेला चालत राहिलो. चूक कळल्यावर ताई शांतपणे म्हणाली की शेवटची खूण जिथे पाहिली तिथपर्यंत परत जाऊ. तिचा तो शांतपणा मला सहन झाला नाही आणि जवळजवळ वर्षभर दाबून ठेवलेले वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले, “तू रोज प्रार्थना करत होतीस ना? वाचले का बाबा?”

ती काही बोलली नाही. मागे वळली आणि चालू लागली. मी तिच्यामागून गेलो. शेवटची खूण एका कुंपणाच्या खांबावर सापडली, तिथून योग्य वाटही सापडली, आणि अंधार पडायच्या सुमारास लावी या किबुत्झच्या, म्हणजे सामूहिक वसाहतीच्या, अतिथिगृहात आम्ही पोहोचलो. ही वसाहत १९४९ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या तरुण ज्यूंनी वसवली. त्यांतले कितीतरी जण नाझी राजवटीतून आई-वडिलांना मागे ठेवून आगगाडीने ब्रिटनला पाठवलेली मुले होती. ज्यांनी निरोपाचा हात हलवल्यानंतर आई-वडिलांना पुन्हा पाहिले नाही, अशा मुलांनी मोठेपणी या दगडाळ माळावर झाडे लावली आणि देवाची उपासना सुरू ठेवली. ही माहिती वाचत मी बराच वेळ बसलो होतो. ताईची क्षमा त्या रात्री मागायला हवी होती. मी मागितली नाही.

तिसरा दिवस : हत्तीनची शिंगे आणि अर्बेल

सकाळी आकाश निवळले. लावीच्या पूर्वेला एका मृत ज्वालामुखीची टेकडी आहे, तिची दोन टोके दुरून बैलाच्या शिंगांसारखी दिसतात, म्हणून तिला हत्तीनची शिंगे म्हणतात. मार्चमधल्या गवतात लाल फुले आणि मोहरीची पिवळी फुले इतकी दाट होती की पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडे. येशूने देवाच्या राज्याला मोहरीच्या दाण्याची उपमा का दिली असावी, हे सांगायला इथे कुणा मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

या टेकडीच्या आसपास ४ जुलै ११८७ रोजी सलाउद्दीनच्या फौजेने जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचे सैन्य जवळजवळ संपवले. राजा गी याने पाण्याने समृद्ध असलेला सेप्फोरिसजवळचा तळ सोडून भर उन्हाळ्यात कोरड्या पठारावरून कूच केले. वाटेत पाणी मिळाले नाही, शत्रूने गवत पेटवून दिले, आणि तहानेने व्याकूळ झालेले सैन्य, गालील समुद्र काही किलोमीटरवर असताना, त्याच्यापर्यंत पोहोचू शकले नाही. त्या सैन्याबरोबर सोन्याने मढवलेला एक लाकडाचा तुकडा होता. तो येशूच्या वधस्तंभाचा आहे अशी त्यांची श्रद्धा होती आणि विजयाची हमी म्हणून ते तो प्रत्येक मोठ्या लढाईत पुढे नेत. त्या दिवशी तोही शत्रूच्या हाती पडला.

शिखरावर वारा फार होता. मी तिथे बसलो आणि त्या तुकड्याचा विचार करीत राहिलो. ज्या खांबावर येशू असहाय होऊन मरण पावला, ज्याच्यावर टांगलेला असताना त्याने “माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” असे विचारले, त्याच खांबाचे लाकूड या लोकांनी हरणार नाही याचे तारण म्हणून जवळ बाळगले होते. त्यांना दोष देण्याआधी मला माझ्याकडे पाहावे लागले. बाबांच्या आजारपणात त्या अकरा दिवसांत मी जी प्रार्थना केली होती ती याच जातीची होती. मी देवाशी बोलत नव्हतो. मी त्याच्याकडे एक हमीपत्र मागत होतो, आणि ते मिळाले नाही म्हणून तो नाहीच असा निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो. विश्वास गेला असे मी ज्याला म्हणत होतो, ते खरे तर त्या हमीपत्राचे जाणे होते. विश्वास कसा असतो हे मला अजून ठाऊकच नव्हते. ही गोष्ट कळल्याने दुःख कमी झाले नाही, पण बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटले की माझ्यापुढची वाट संपलेली नाही.

उतरताना मी ताईला म्हणालो, “काल मी जे बोललो ते बोलायला नको होतं. माफ कर.”

ती थांबली. “माफ केलं. पण बोलायला नको होतं असं मला वाटत नाही. इतके दिवस तू ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होतास, ते मला जास्त जड जात होतं.”

टेकडीच्या पायथ्याशी द्रूझ या धर्मसमुदायाचे नबी शुऐब हे पवित्र स्थान आहे. मोशेचा सासरा इथ्रो याची ही कबर असल्याचे ते मानतात. आम्ही बाहेरूनच पाहून पुढे गेलो आणि दुपार कलताना अर्बेल गावी मुक्कामाला पोहोचलो.

चौथा दिवस : अर्बेलचा कडा आणि गिनोसारची नाव

अर्बेलच्या कड्यावर पोहोचेपर्यंत समुद्र पूर्ण दिसत नाही, आणि मग एकदम सगळाच दिसतो. कड्याचा माथा समुद्रसपाटीपासून १८१ मीटर उंच आहे आणि खालचे पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, त्यामुळे नजर जवळजवळ चारशे मीटर खाली घसरते. समुद्र म्हणत असले तरी हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त १३ किलोमीटर. उत्तर काठावर बोट ठेवून ताईने एकेक गाव दाखवले: मग्दाला, गिनोसार, तबघा, कफर्णहूम. शुभवर्तमानातल्या कितीतरी गोष्टी ज्या भूमीवर घडल्या ती एका नजरेत मावते. येशूने आपल्या कामाचा मोठा काळ एवढ्याशा पट्ट्यात, कोळ्यांच्या आणि जकातदारांच्या दारांवरून ये-जा करत घालवला, हे वरून पाहिल्यावर जसे समजते तसे नकाशावर समजत नाही.

कड्यावरून उतरायची वाट अवघड आहे. काही ठिकाणी खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांना धरून उतरावे लागते. याच कड्यातल्या गुहांमध्ये दडलेल्या बंडखोरांना पकडण्यासाठी हेरोद राजाने आपले सैनिक पेट्यांत बसवून दोरखंडांनी वरून सोडले होते, असे जोसेफसने लिहून ठेवले आहे. अर्ध्या उतारावर ताईच्या गुडघ्याने असहकार पुकारला. तिची पिशवी मी घेतली. तिने आधी नको म्हटले, मग दिली.

मग्दालात फार थांबलो नाही, पण तिथले सभास्थान पाहिलेच पाहिजे असे आहे. २००९ मध्ये उत्खननात ते सापडले आणि ते पहिल्या शतकातले, म्हणजे येशू गालीलात फिरत होता त्या काळाच्या आसपासचे आहे. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया या गावची.

गिनोसारच्या संग्रहालयात मात्र आम्ही संध्याकाळपर्यंत बसून होतो. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचे पाणी खूप ओसरले असताना तिथल्या दोन कोळी भावांना चिखलात एका नावेची कड दिसली. ती दोन हजार वर्षांपूर्वीची निघाली. तिचे लाकूड इतके भिजून मऊ झाले होते की हवेत उघडे राहिले असते तर चुरा झाला असता, म्हणून तिला फेसाच्या आवरणात लपेटून पाण्यावरून तरंगवत किनाऱ्याला आणले आणि पुढे कित्येक वर्षे मेणासारख्या द्रावणात बुडवून ठेवले. लांबी आठ मीटरांहून थोडी जास्त, रुंदी २.३ मीटर. येशू हिच्यात बसला होता असे म्हणायला काही आधार नाही, पण तो ज्या नावांत बसत असे त्या अशाच होत्या. मला सर्वांत जास्त थांबवले ते तिच्या लाकडांनी. तिचा मुख्य भाग देवदार आणि ओकचा आहे, पण एकंदर दहा-बारा जातींची लाकडे तिच्यात सापडली आहेत. जुन्या नावांतून काढलेल्या फळ्या, हाताला लागले ते तुकडे. कुणीतरी ती पुन्हापुन्हा ठिगळे लावून पाण्यात ठेवली होती. मालकाला चांगले लाकूड परवडत नसावे.

अशा नावेत, मार्क सांगतो, वादळात येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला होता. इथले वादळ कसे उठते ते संग्रहालयाच्या खिडकीतूनही समजते: सरोवर खोल वाडग्याच्या तळाशी आहे, भोवतीच्या उंचवट्यांवरचा थंड वारा घळींतून एकदम खाली कोसळतो आणि उबदार पाणी थोड्या वेळात खवळते. शिष्यांतले चार जण याच पाण्यावर वाढलेले कोळी होते, तेव्हा त्यांची भीती अनाठायी नव्हती. त्यांनी येशूला उठवले आणि आपण बुडत आहोत याची तुला काही पर्वा नाही का, असे विचारले. हे वाक्य ताईने तिच्या शास्त्रातून मला वाचून दाखवले आणि पुस्तक मिटून म्हणाली, “परवा चिखलात तू हेच विचारलंस. फक्त मला विचारलंस.”

येशूने त्यांना विश्वास नसल्याबद्दल विचारले, हे खरे, पण आधी वारा थांबवला आणि मग विचारले. त्या प्रश्नासाठी कुणाला नावेतून उतरवले नाही. पुढच्या खेपेलाही ते सगळे त्याच्याबरोबर होते. तक्रार ही देवाकडे पाठ फिरवणे नसून त्याच्याकडे वळून बोलणे असू शकते, हे मला त्या ठिगळांच्या नावेसमोर उमगले, आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मनातल्या मनात तीच तक्रार पुन्हा केली, या वेळी जिथे करायची तिथे. उत्तर आले नाही. झोप मात्र लागली.

पाचवा दिवस : तबघा आणि कफर्णहूम

येशूने थोड्या भाकरी आणि दोन मासे यांवर हजारोंना जेवू घातले, त्याची आठवण जपणाऱ्या तबघाच्या मंदिरात पाचव्या शतकातल्या मोझेकमध्ये भाकरींची टोपली आणि तिच्या दोन बाजूंना दोन मासे आहेत. तिथून चढून आम्ही धन्यवादांच्या, म्हणजे येशूच्या “…ते धन्य” या वचनांच्या, डोंगरावर गेलो. अंतोनिओ बार्लुझ्झी यांनी १९३८ मध्ये बांधलेल्या इथल्या मंदिराला आठ धन्यवादांसाठी आठ बाजू आहेत. “जे शोक करतात ते धन्य” ही ओळ मला पूर्वी कोरडी वाटायची. तिच्यात शोक थांबवण्याची आज्ञा नाही, हे त्या दिवशी कळले. गर्दी वाढू लागल्यावर आम्ही निघालो.

कफर्णहूमच्या अवशेषांची जागा १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने विकत घेतली आणि त्यांनीच पुढे तिचे उत्खनन केले. प्रथम डोळ्यांत भरते ते पांढऱ्या चुनखडीचे सभास्थान. ते येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी उभे राहिले, पण त्याच्या पायाखाली काळ्या बसाल्टचा जुना थर आहे आणि येशूने शिकवले ते सभास्थान त्या जागी असावे असे मानतात. त्याच्यापासून काही पावलांवर गावातली घरे आहेत, म्हणजे काळ्या दगडांच्या कमरेएवढ्या भिंती. त्यांतल्या एका घराची खोली पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून वेगळी जपली गेली, तिच्या भिंतींना गिलावा केला गेला, पाचव्या शतकात तिच्याभोवती अष्टकोनी मंदिर बांधले गेले. हे येशूचा शिष्य पेत्र याचे घर असे परंपरा सांगते, आणि तिला पुराव्यांचे बऱ्यापैकी बळ आहे. १९९० साली त्याच्यावर खांबांवर तोललेले नवे मंदिर झाले. त्याच्या मधोमध काचेची तळभूमी आहे आणि तिच्यातून खाली ती खोली दिसते.

आम्ही त्या काचेशेजारी बसलो. इथल्या ओबडधोबड भिंतींना जड छप्पर पेलत नसे, म्हणून घरांवर फांद्या आणि मातीचे हलके छप्पर घालत, अशी माहिती बाहेर वाचली होती. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट त्यामुळे एकदम समोर उभी राहिली: येशू घरात असताना दारापर्यंत गर्दी झाली, तेव्हा चौघांनी एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट छपरावर नेले, छप्पर उस्तरले आणि त्याला खाली सोडले. ती गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली होती. ताईने ती पुन्हा हळू आवाजात वाचली आणि “त्यांचा विश्वास पाहून” या शब्दांपाशी माझे कान टवकारले. त्यांचा. येशूने ज्यांचा विश्वास पाहिला त्यांत ते चौघे होते. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, होता की नव्हता, हे मार्क सांगत नाही. सबंध गोष्टीत तो माणूस एक शब्दही बोलत नाही. त्याने एवढेच केले, की स्वतःला उचलू दिले.

मी ते केले नव्हते. मंडळीतल्या एका काकांनी नोकरीबद्दल विचारले तेव्हा मी विषय बदलला होता, पाळकसाहेब घरी आले तेव्हा कामाचे निमित्त सांगून बाहेर गेलो होतो. आपला विश्वास आधी आपल्या पायांवर उभा राहू दे, मग लोकांत जाऊ, असे मला वाटत होते, आणि तो माझा प्रामाणिकपणा आहे अशी माझी समजूत होती. त्यात प्रामाणिकपणा थोडा होता आणि लाज पुष्कळ होती.

बाहेर पाण्याच्या काठी आलो तेव्हा मी ताईला म्हणालो, “तू मला उचलून आणलंस इथपर्यंत.”

“मी कुठली?” ती म्हणाली. “बाबा गेल्यावर सहा महिने मला प्रभूच्या प्रार्थनेपलीकडे एक शब्द सुचत नव्हता. तीही सवयीनं ओठांवर यायची. मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या बायका रोज रात्री आठ वाजता फोन करायच्या. एक वाचायची, दुसरी प्रार्थना करायची. मी नुसती कानाला फोन लावून बसायचे. कधी झोपूनही जायचे.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. आणि मीही लपवतच होते की.”

पाणी त्या दुपारी शांत होते. दूर पलीकडच्या काठाला गोलानचे उंचवटे धूसर दिसत होते. ताई गुडघा चोळत एका काळ्या दगडावर बसली आणि मी थोडा बाजूला जाऊन आईला फोन लावला. पोहोचलो का, दमलात का, ताईचा पाय कसा आहे, असे तिचे नेहमीचे प्रश्न झाल्यावर मी तिला म्हणालो की आपण प्रार्थना करू या. ती गप्प झाली. बाबांच्या जाण्यानंतर मी हे पहिल्यांदाच म्हणत होतो आणि सुरुवात कशी करायची हे मला आठवत नव्हते. बाबा ज्या शब्दांनी सुरुवात करत ते घेतले, पुढचे माझे होते. बाबांचे नाव घेतले. त्या अकरा दिवसांबद्दल जे विचारायचे होते ते आईला ऐकू जाईल असे विचारले. नोकरीचे काय होणार ते कळत नाही, हे तसेच सांगितले. ज्या दोन म्हाताऱ्या बायकांची नावे मला काही मिनिटांपूर्वी कळली होती, त्यांच्यासाठी मागितले. मग शब्द संपले आणि मी थांबलो.

फोनमध्ये काही वेळ नुसती खरखर होती. नंतर पलीकडून आईचे “आमेन” ऐकू आले.